साळूबाईच्या अंगात आलं

चंद्राकाकीचा फोन आला तेव्हा मी भांडुपला कंपनीच्या स्टोअरमध्ये बेअरिंगची खोकी रॅकवर चढवत होतो.

"सुनील, तुझ्या आयच्या अंगात येतंय," काकी म्हणाली. "देवी येते. मंगळवारी नि शुक्रवारी सगळी वाडी जमते तुमच्या खळ्यात. तू एकदा येऊन जा रे बाबा."

मला राग आला. मला सगळ्यात आधी रागच येतो. बायको म्हणते, ह्यांचा तेवढा एकच नियमित व्यायाम आहे. मी काकीला म्हटलं, "काय बोलतेस? आईच्या अंगात साधा ताप येत नाही कधी." पण फोन ठेवला आणि हातातलं खोकं परत खाली ठेवलं. सत्तर पार केलेली बाई, घरात एकटी, आणि तिच्या अंगात येतंय म्हणजे तिचं डोकं फिरलं असणार, नाहीतर खरंच काहीतरी येत असणार. दोन्हींतलं जास्त वाईट कुठलं ते मला ठरवता येईना.

आमचं गाव कुडपण. पोलादपूरहून वळणावळणानं वर चढत गेलं की डोंगराच्या सपाटीवर. वाडीत आता माणसं थोडी आणि कुलपं जास्त. वडील गेल्यापासून आई घरात एकटी. मागच्या श्रावणात घरापुढच्या खळ्यातल्या, म्हणजे अंगणातल्या शेवाळावरून तिचा पाय सरकला, डाव्या हाताचं मनगट मोडलं. ते मोडलं त्याचं एवढं नाही. पण पडल्यावर तिला उठताच आलं नाही. चंद्राकाकी विरजण मागायला आली तोवर तासभर ती तिथंच चिखलात पडून होती. तो तास माझ्या डोक्यातून अजून जात नाही. मी त्या वेळी काय करत होतो तेसुद्धा मला आठवतं. मी कॅन्टीनमध्ये भज्यांना नावं ठेवत होतो.

महाडच्या दवाखान्यात तिच्या उशाशी बसून मी ठणकावलं होतं, "परत एकदा पडलीस की सरळ भांडुप. मग काही बोलायचं नाही." आई म्हणाली, "बरं. पडले तर." मी परत येऊन घराची गॅलरी बंद करून घेतली, खिडकी बसवली, खाट टाकली, नवी गादी आणली. गादीवर माझी पोरगी सेजल झोपायला लागली तर मी तिलाही ओरडलो. ती जागा आईची होती. फक्त आईला तिथं यायचं नव्हतं, एवढीच अडचण.

माझी धाकटी बहीण अक्षदा महाडला दिलीय. मनगट जुळेपर्यंत आई तिच्याकडे दोन महिने राहिली. तिथं निशिगंधा नावाची फिजिओथेरपिस्ट मुलगी म्हाताऱ्या माणसांना शाळेच्या हॉलमध्ये कसलासा व्यायाम शिकवायची. दिवाळीला आई कुडपणला परत गेली. "व्यायाम करतेस ना?" असं मी फोनवर दोन-तीनदा विचारलं आणि मग विसरून गेलो. माझ्या डोळ्यांसमोर आपलं रबरी चेंडू दाबणं वगैरे होतं.

तर मी दोन दिवसांची रजा टाकली. बायकोनं पिशवीत आईचे जुने डॉक्टरचे कागद घातले आणि त्यांच्याखाली गुपचूप एक नारळ ठेवला. "आपण मानत नाही," ती म्हणाली, "पण असलेला बरा." मी नारळ बाहेर काढला नाही.

गुरुवारी दुपारी एसटीतून उतरलो तर थांब्यावर चंद्राकाकी हजर. काकी आईच्या वयाची, आमच्या शेजारची. मी चप्पल नीट करतोय तोवर तिनं सुरुवातही केली.

"आदल्या महिन्यात मी सकाळची तुमच्या खळ्यावरनं जात व्हते. बगते तर तुझी आय, साळूबाई, उगवतीकडं तोंड करून उभी. नहाण झालेलं, केस मोकळे. डोळे अर्धे मिटलेले. एक पाय हळूच वर. मी हाक मारली, ओ नाय. पुन्हा मारली, तरी नाय. मला तुझी आजीच आठवली रे. तिच्या पण अंगात याच खळ्यात यायचं ना? मंग मी तिथंच बसले नि हात जोडून इचारलं, आई, माजी म्हैस दोन दिस झाले घरी आली नाय, कुठं हाय? तर तिचा हात असा सावकाश, सावकाश वहाळाच्या बाजूला गेला."

"मग?"

"मंग काय! म्हैस वहाळातच, पाण्यात बसलेली!"

काकीच्या अंगावर पुन्हा काटा आला. मी म्हटलं, "आणि आई काय म्हणते?"

"ती नायच म्हणते. म्हणणारच. ज्याच्या अंगात येतं त्याला मागनं काय आठवतंय? तुझी आजी पण नायच म्हणायची."

यावर काय बोलणार? नाही म्हटलं तरी पुरावा, हो म्हटलं तरी पुरावा. असल्या कारभारापुढे माझ्यासारखा तापट माणूससुद्धा गप्प होतो.

आई चुलीपाशी होती. मला बघून तिला आनंद झाला, पण आश्चर्य वाटलं नाही. "चंद्रीनं फोन केला ना?" तिनं विचारलं आणि नाचणीचं पीठ मळायला घेतलं.

"हे काय चाललंय, आये?"

"व्यायाम हाय रे तो. महाडच्या त्या पोरीनं शिकवलेला. ताय-ची म्हणतात. चिनी लोकांचा. सगळं हळू करायचं, मधी बोलायचं नाय, श्वासाकडं ध्यान ठेवायचं. आता मधीच चंद्री येऊन म्हशीचं इचारायला लागली, मी काय करू? मी आपला हात पुढं नेला. तो तसाच न्यायचा असतो."

"मग सांगायचंस ना लोकांना!"

"सांगितलं. दहादा सांगितलं. म्हटलं, चिनी व्यायाम हाय. तर महादू गुरव म्हणतो, देवीला चीन काय नि कुडपण काय, सगळं सारखंच."

मला हसू येत होतं, पण मी हसलो नाही. हसलो असतो तर पुढचं बोलता आलं नसतं. "घरात कर मग. दार लावून."

"वासे खाली हायत. हात वर केला की लागतो. नि उजेड नको?"

"मला का नाही सांगितलंस?"

आईनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "तू फोनवर इचारतोस, बरी हायस ना? मी म्हणते, बरी हाय. मंग तू ठेवतोस."

हे खरं होतं, आणि खरं असलेलं मला सगळ्यात जास्त झोंबतं. मी आवाज चढवला. म्हटलं, हा काय पोरखेळ आहे, उद्या कोणी नवस बोलेल, परवा कोणी कोंबडं आणेल, तू एकटी, वय काय तुझं. शनिवारी आपण निघतोय. तयारी कर.

"पडले तर, असं ठरलं व्हतं," आई म्हणाली. "मी पडलेय कुठं?"

"पडायची वाट बघू का?"

"मला नाय यायचं, सुनील." ती एवढंच म्हणाली. मग भाकरी माझ्या ताटात टाकली. "गरम हाय तवर खा."

जेवण झाल्यावर तिनं पेटी उघडली. दोन बरी लुगडी काढली, झटकली आणि दोरीवर टाकली. बरोबर न्यायच्या वेळी ती आधी अशीच उन्हावाऱ्याला टाकते. माझं काम झालं होतं. तिच्या पिढीच्या बाया मुलानं ठरवलं की त्यापुढे जात नाहीत, हे मला ठाऊक होतं आणि मी त्याचाच फायदा घेत होतो. मला समाधान वाटायला हवं होतं. पण त्या दोन लुगड्यांकडे बघवेना, म्हणून मी पडवीत जाऊन बसलो.

सकाळी जाग आली ती कुजबुजीनं. बाहेर आलो तर खळ्याच्या कडेनं आठ-दहा माणसं बसलेली. चंद्राकाकी, महादू गुरव, खालच्या आळीतल्या दोन बाया, मांडीवर आजारी नातू घेतलेली एक म्हातारी. सगळ्यांपुढे हळदकुंकू, नारळ, उदबत्ती. मी पडवीच्या पायरीवर हाताची घडी घालून उभा राहिलो. मुंबईचा माणूस म्हणून.

आई खळ्याच्या मधोमध होती. शुक्रवारचं नहाण झालेलं, केस मोकळे, पाय उघडे. गुडघे जरासे वाकलेले. तिनं सगळा भार उजव्या पायावर नेला. डावा पाय हलका झाला, रिकामा झाला, मगच तो जमिनीवरून सुटला. लावणीच्या चिखलातून पाय काढतात तसा, घाई न करता. टाच आधी टेकली, मग चवडा. हात पाण्यातून ढकलल्यासारखे पुढे गेले आणि मागे आले. हीच बाई सहा महिन्यांपूर्वी माझ्या खांद्याला धरल्याशिवाय दवाखान्यातल्या मोरीपर्यंत जाऊ शकत नव्हती. आता ती एका पायावर उभी होती आणि तिचा चेहरा असा शांत होता की तो मी कधी पाहिलाच नव्हता. माझ्यासमोर ती कायम कुठल्यातरी कामात असायची. नुसती उभी असलेली आई मी पहिल्यांदा बघत होतो.

ही कोण आहे, असं माझ्या मनात आलं. मी हे लाज सोडून सांगतो. त्या क्षणी मला खरंच वाटलं की ही माझी आई नाही. आजीचं ते घुमणं, तिच्या पुढ्यात नाक घासणारे माझे वडील, ते सगळं डोळ्यांपुढे आलं. आणि मला एकदम सुटल्यासारखं वाटलं. कारण मी रात्रभर झोपलो नव्हतो. तिला न्यावं की ठेवावं हे माझं मलाच ठरवता येत नव्हतं, मी नुसता आवाज चढवून ते ठरल्यासारखं दाखवत होतो. आता विचारायला कोणीतरी होतं.

मी आत गेलो, पिशवीतला नारळ काढला आणि खळ्यात येऊन आईपुढे गुडघ्यांवर बसलो.

"आई," मी म्हटलं, आणि मी कोणत्या आईला म्हणतोय ते सगळ्यांना कळलं. "माझ्या आईला मी भांडुपला न्यायचं म्हणतोय. नेऊ का? तू नाही म्हणालीस तर नाही नेणार. तुझा शब्द मोडणार नाही."

"कौल मागितलाय," महादू गुरव हळूच म्हणाला. "कुणी बोलू नका."

आईचा पाय हवेत होता. तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं कोण जाणे. तेवढा वेळ ती त्या एका पायावर होती आणि जराही हलली नाही. मग तिनं पाय खाली आणला, आधी टाच, मग चवडा. दोन्ही हात सावकाश मांडीशी आणले. श्वास सोडला.

"देवी नाय रे सुनील," ती म्हणाली. "मी हाय."

"तसंच म्हणतात आधी," महादू पुटपुटला.

"महादू, गप!" आई एवढ्या जोरात म्हणाली की त्याची उदबत्ती पडली. मग ती माझ्याकडे वळली. आवाज खाली आला. "देवी नाय म्हणाली असती तर तू ऐकलं असतंस?"

"हो," मी म्हटलं. फार पटकन म्हटलं.

"काल मी पण नाय म्हटलं व्हतं. ते कुठं गेलं?"

सगळी वाडी बघत होती आणि मी पन्नाशीचा माणूस हातात नारळ घेऊन गुडघ्यांवर बसलो होतो. नेहमीप्रमाणे राग यायला हवा होता. तो आलाच नाही. त्याच्या जागी जे होतं तेच बाहेर आलं.

"आये, तू तासभर चिखलात पडून होतीस गो," मी म्हटलं. "कुणाला कळलं नाही. मला कळलं नाही. मला भीती वाटते."

हे मी तिला आजवर सांगितलं नव्हतं. न्यायचं म्हणालो, गॅलरी बांधली, ओरडलो, पण हे नव्हतं सांगितलं. आणि मी रडलो. चंद्राकाकीनंही पदर डोळ्यांना लावला.

"ठावं हाय मला," आई म्हणाली. "तो तास मी पण इसरले नाय. तुझ्यापरीस जास्त भ्यायले व्हते मी. म्हणून तर महाडात त्या पोरीला पयलं तेच म्हटलं. बाकीचं राहू दे, मला आधी उठायला शिकव. बघ."

आणि ती सारवलेल्या खळ्यात सरळ खाली बसली. बसली आणि कुशीवर आडवी झाली, पडलेलं माणूस असतं तशी. बायांनी "गो बाई" केलं. मी पुढे झेपावलो तर तिनं बोट दाखवून मला जागेवर ठेवलं. मग ती पालथी झाली, कोपरावर आली, रांगत्या मुलासारखी हातापायांवर आली. जरा थांबली, दम घेतला. उजवा पाय पुढे टेकला, दोन्ही हात त्या गुडघ्यावर ठेवले, भार त्या पायावर नेला आणि उभी राहिली. भिंत नाही, काठी नाही, माझा खांदा नाही. पदराची धूळ झटकली.

"पडणार नाय असं मी नाय म्हणत," ती म्हणाली. "पडेन पण कदी. पण तास नाय लागायचा आता."

चंद्राकाकीनं अगदी बारीक आवाजात विचारलं, "पण म्हैस गो?"

"चंद्रे, तुझी म्हैस दर साल हरवते नि दर साल त्याच वहाळात बसलेली असते. ते सांगायला देवी कशाला पायजे?"

लोक हसले. थोडे खट्टूही झाले असतील, कारण देवी गेली आणि नुसती साळूबाई उरली. नातू घेतलेल्या म्हातारीला आईनं पोलादपूरच्या सरकारी दवाखान्याची गाडी किती वाजता जाते ते सांगितलं आणि पोराला आजच्या आज ने म्हणून दम भरला.

"आता तू ऊठ," ती मला म्हणाली.

उठायला गेलो तर गुडघे धरलेले. मी तुळशीवृंदावनाकडे हात नेला. "टेकू नको," आई म्हणाली. "एक पाय पुढं घे. भार त्याच्यावर ने. दुसरा रिकामा होऊ दे. घाई नको करू." मी एक पाय पुढे घेतला, भार नेला आणि नारळासकट कुशीवर कलंडलो. सगळं खळं खदखदून हसलं. मी पण हसलो. आईनं हात पुढे केला, डावा, मोडलेला, आणि मी तो धरला. घट्ट होता. तिनं मला उठवलं, मी तिला नाही.

दुपारी माणसं पांगल्यावर तिनं तोच नारळ फोडला, चटणीला. खवताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "खरं सांगू? एक घटका वाटलं मला, बोलावं देवी होऊन. एक शब्द, नाय, नि तू गपचूप जाशील. पाय वर व्हता तवर तेच चाललं व्हतं मनात."

"मग का नाही बोललीस?"

"तू देवीचं ऐकलं असतंस. माजं कोणी ऐकलं असतं?"

ती खवत राहिली. मी उठलो, दोरीवरची दोन्ही लुगडी काढली, मला येते तशी वाकडीतिकडी घडी घातली आणि पेटीत ठेवली. आईनं बघितलं, पण घडी बरोबर करायला उठली नाही. ती उठली नाही म्हणजे मला माफ केलं, एवढं मला तिचं कळतं.

शनिवारी सकाळी खळ्यात चारच माणसं आली. चंद्राकाकी त्यांत होती आणि तिच्याकडे नारळ नव्हता. ती आईच्या मागे उभी राहिली आणि आई करील ते करायला लागली. पाय उचलताना मात्र दरवेळी हात जोडत होती. आईनं तिला काही म्हटलं नाही.

माझी एसटी साडेनवाची. थांब्यापर्यंतचा चढ आई माझ्याबरोबर चालत आली, माझी पिशवी मलाच घ्यायला लावून. रोज सकाळी व्यायाम झाला की तिनं फोन करायचा, आणि "बरी हाय" म्हणून मी ठेवायचा नाही, असं ठरलं. पावसाच्या आधी खळ्यात खडबडीत फरशी घालायची हेही ठरलं. तेवढ्यावर मात्र मी तिला वाद घालू दिला नाही.

गाडी आली. मी पायरीवर एक पाय ठेवला आणि मागे वळलो. इतके महिने मी तिला न्यायचं सांगत होतो, ठरवत होतो, बजावत होतो. विचारलं कधीच नव्हतं.

"आये, येतेस का माझ्याबरोबर?"

"नाय," आई म्हणाली.

कौल घेतल्यावर माणसं मान झुकवतात तशी मी मान झुकवली आणि गाडीत चढलो.